सुई आपली होती, मग रुग्ण बाहेर का?

आफ्रिकेत रुग्णालयं आणि डायलिसिस केंद्रं चालवणाऱ्या भारतीय विश्वस्त मंडळींना, संचालकांना आणि तिथे नोकरीला असलेल्या माझ्या मराठी डॉक्टर-सिस्टर सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकारिणीने मला फोनवर एका नोटिशीचा फोटो पाठवला. डायलिसिस विभागाच्या दारावर चिकटवलेली नोटीस, इंग्रजी आणि स्वाहिली अशा दोन भाषांत. मजकूर चार ओळींचा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह रुग्णांचं डायलिसिस या केंद्रात होणार नाही. सध्या येणाऱ्या अशा रुग्णांनी आपली सोय अन्यत्र करावी. दर सहा महिन्यांनी होणारी तपासणी बंद करण्यात येत आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी ती स्वखर्चाने करून घ्यावी. खाली शिक्का आणि सही. हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा, यकृताला पोखरणारा विषाणूचा आजार.

त्या दारातून मी अकरा वर्षं आत-बाहेर केलं, त्यातली शेवटची सहा वर्षं त्या विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणून. आता निवृत्त होऊन नाशिकला घरी आहे. रुग्णालयाचं, शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे माझ्या ओळखीची, मन लावून काम करणारी माणसं आहेत, आणि अशी नोटीस उद्या दुसऱ्या कुठल्याही दारावर लागू शकते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण विश्वस्तांमध्ये मुंबई-पुण्याची मंडळी आहेत, आमच्यासारख्या सिस्टर नाशिक, सांगली, कोल्हापुरातून भरती होऊन तिकडे जातात, आणि दरवर्षीच्या शिबिरांसाठी देणगीही इथूनच गोळा होते. देणगी देणाऱ्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

डायलिसिसवरच्या माणसाला "सोय अन्यत्र करा" म्हणणं म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. त्या शहरातलं दुसरं केंद्र सरकारी आहे आणि तिथे खुर्ची रिकामी होण्याची वाट बघणाऱ्यांची यादी लांबलचक आहे. तिसरं केंद्र सात तासांच्या बसप्रवासावर. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या की अंगात पाणी साठतं, श्वास लागतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि कधी झोपेतच हृदय थांबतं. हे मी पुस्तकातून लिहीत नाही. पावसाळ्यात पूल वाहून गेला तेव्हा दोन रुग्ण आमच्यापर्यंत पोचू शकले नाहीत, ते नंतरही आले नाहीत.

नोटीस ज्यांना लागू होते त्यांतल्या एका बाईंबद्दल सांगते. तिकडे वयाने मोठ्या बाईला मामा म्हणतात, मामा म्हणजे आई. या मामा बंदराजवळच्या बाजारात मासळी विकायच्या. मधुमेहाने मूत्रपिंडं गेली. त्या पहिल्यांदा आल्या त्या दिवसाची नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे: हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, सी निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. पुढे तीन वर्षं सोमवार-गुरुवार त्या येत राहिल्या. दर सहा महिन्यांची तपासणी तेव्हा होत नव्हती. मग नव्याने रुजू झालेल्या एका डॉक्टरांनी हट्टच धरला आणि सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासायला लावलं. मामा सी पॉझिटिव्ह निघाल्या. दाखल होताना निगेटिव्ह असलेले आणखी चार जण पॉझिटिव्ह निघाले. पाचही जण सोमवार-गुरुवारचेच.

मामांनी मला विचारलं, "सिस्टर, हे मला कुठून लागलं?" मी म्हणाले, सांगता येत नाही. ते खरं नव्हतं. त्या तीन वर्षांत त्यांची दुसरीकडे कुठे शस्त्रक्रिया झाली नव्हती, बाहेर कुठे सुई टोचली गेली नव्हती. सुया आम्हीच टोचत होतो, दर खेपेला दोन, आठवड्याला चार. दोनदा रक्त चढवलं तेही आमच्याच रक्तपेढीतलं. मामांना तेव्हा जे उत्तर द्यायला हवं होतं ते आज या पत्रातून देते आहे: मामा, ते आमच्याकडून लागलं.

म्हणून माझी पहिली तक्रार या नोटिशीच्या मुळावरच आहे. पॉझिटिव्ह रुग्ण म्हणजे बाहेरून आत आलेला धोका, असं ती गृहीत धरते. आमच्या विभागात तरी धोका आतच तयार झाला होता.

विषाणू एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर कसा जातो हे बाहेरच्या वाचकालाही कळायला हवं. मशीनमधून जातो असा पुष्कळांचा समज आहे. त्यामुळे "पॉझिटिव्ह रुग्णांसाठी वेगळं मशीन आम्हाला परवडत नाही" हे कारण लगेच पुढे येतं. हिपॅटायटिस बी साठी वेगळं मशीन आणि वेगळी खोली लागते, ते बरोबर आहे. सी साठी मात्र अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने वेगळं मशीन किंवा वेगळी खोली आवश्यक धरलेली नाही. मूत्रपिंडविकारांबाबत जगभर ज्यांच्या मार्गदर्शक सूचना पाळल्या जातात ती केडिगो ही संस्थाही हेच सांगते. सी पसरतो तो हातांनी, ट्रॉलीने आणि औषधाच्या बाटलीने.

आमच्याकडची दुपार अशी असायची. सकाळची पाळी संपायला उशीर झालेला, दुसऱ्या पाळीचे रुग्ण दारात बसलेले, त्यांची परतीची बस पाचची. एका सिस्टरकडे सहा-सात रुग्ण. एकाची सुई काढून फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातात जोडून केलेल्या शिरेवर, बोळा दाबून धरायचा, तेवढ्यात शेजारच्या मशीनचा अलार्म वाजायचा. हातमोजे मोजून मिळायचे. त्याच हातमोज्याने अलार्म बंद करायचा. खुर्ची पुसायला दहा मिनिटं हवीत, मिळायची तीन. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची पाच मिलीची व्हायल चार-पाच जणांना पुरते, ती ट्रॉलीवर ठेवून ट्रॉली खुर्च्यांमधून फिरायची. एखाद्याला डोस कमी पडला की सुई बदलून, पण सिरिंज तीच ठेवून, त्याच व्हायलमध्ये पुन्हा औषध ओढलं जायचं. सुई नवी म्हणजे सगळं नवं, असं आमच्यातल्या पुष्कळ जणींना प्रामाणिकपणे वाटायचं. ते तसं नसतं हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नाही. मीही इन्चार्ज झाल्यावर उशिरा शिकले. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्ताच्या थेंबात हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत संसर्ग करण्याइतका जिवंत राहू शकतो, हे प्रयोगशाळेत दाखवून दिलेलं आहे. डोळ्याला तो थेंब दिसतही नाही.

यातल्या कुठल्या गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागतं? औषध भरण्याची वेगळी, स्वच्छ जागा, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी भरलेली सिरिंज, दोन रुग्णांमध्ये बदललेले हातमोजे, पुसलेली खुर्ची. आणि हे सगळं करायला पुरतील एवढी माणसं. माणसं कमी केली ती संचालक मंडळाने, खर्चात बचत म्हणून. त्या बैठकीचं इतिवृत्त आमच्यापर्यंत आलं होतं.

आता दुसरी गोष्ट. तपासणी बंद करण्यामागे व्यवस्थापनाने सहकाऱ्यांना जे कारण सांगितलं ते असं, की सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत हिपॅटायटिस सी चं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे, मग सगळ्यांना वारंवार तपासण्यात पैसे कशाला घालवायचे. एक टक्का हा आकडा हवेतला नाही. नायजेरियाच्या २०१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ६४ वयोगटात ते प्रमाण १.१ टक्के आलं होतं. पण तो आकडा घरोघरी जाऊन काढलेला आहे. डायलिसिसच्या खुर्चीवर, सिकल सेल या रक्ताच्या आजाराच्या वॉर्डात, वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या माणसांच्या खाटांवर तो लावता येत नाही. ज्याच्या शिरेत जितक्या जास्त वेळा सुई गेली तितका त्याचा धोका मोठा, आणि रुग्णालयात येणारा माणूस हा सगळ्यांत जास्त सुया टोचलेला माणूस असतो. शिवाय नायजेरियासारख्या देशात एक टक्का म्हणजेसुद्धा दहा लाखांहून जास्त माणसं.

सरासरीच्या आड किती मोठी गोष्ट लपू शकते याची साक्ष आफ्रिकेतच आहे. दक्षिण कॅमेरूनमध्ये एबोलोवा नावाचं शहर आहे. तिथल्या साठीच्या पुढच्या माणसांचं रक्त तपासलं तेव्हा निम्म्याहून अधिक जणांमध्ये सी च्या खुणा सापडल्या. तरुणांमध्ये प्रमाण कितीतरी कमी. म्हणजे जे घडलं ते एका विशिष्ट काळात, एका पिढीला घडलं. संशोधक मागे गेले तेव्हा त्यांना वसाहतकाळात आणि त्यानंतरही हिवतापासाठी शिरेतून दिलेल्या औषधांच्या सुया सापडल्या. काचेची सिरिंज, हातावर मोजण्याइतक्या सुया आणि रांगेत उभं गाव.

ईजिप्तचं उदाहरण त्याहून मोठं. नाईलच्या कालव्यांमधल्या गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया हा कृमींचा आजार हटवण्यासाठी १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सरकारने गावोगाव टार्टर एमेटिकची इंजेक्शनं दिली. एकेका माणसाला एक नव्हे, अनेक सुयांचा कोर्स. सुया-सिरिंजा पुरेशा न उकळता पुन्हा वापरल्या गेल्या. हिपॅटायटिस सी चा विषाणूच मुळी १९८९ मध्ये ओळखला गेला, त्यामुळे आपण काय वाटतो आहोत हे त्या डॉक्टरांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुढे बिल्हार्झियावर प्राझिक्वान्टेलच्या गोळ्या आल्या आणि सुया थांबल्या. पण २००८ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ईजिप्तवासीयांपैकी १४.७ टक्के लोकांच्या रक्तात सी च्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्यांची, खूण निघाली, जगातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी एक. एक रोग बरा करायला गेलेल्या सुईने दुसरा देऊन ठेवला होता.

हे वाचताना मला आमच्या गावचे कंपाउंडर आठवतात. स्टोव्हवर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात एकच काचेची सिरिंज उकळत ठेवलेली आणि बाहेर ओटीवर आम्ही पोरं रांगेत. पाणी उकळायच्या आधीच पुढचं पोर आत बोलावलेलं असायचं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? पण आज, विषाणू ओळखल्याला पस्तीस वर्षं उलटून गेल्यावर, माहीत नव्हतं असं आपण म्हणू शकत नाही.

इंजेक्शनांबद्दल आपल्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण यात आपल्या रुग्णालयांचा वाटा डायलिसिसपेक्षाही मोठा आहे. स्वाहिलीत इंजेक्शनला सिंडानो म्हणतात. ताप आलेला माणूस ओपीडीत येतो आणि सिंडानो मागतो. औषधाच्या दुकानाला तिकडे "दुका ला दावा" म्हणतात, ऐकताना आपल्याच गल्लीत असल्यासारखं वाटतं, आणि सवयही आपल्या गल्लीसारखीच, की गोळी म्हणजे अर्धं औषध आणि सुई म्हणजे पूर्ण. आपण ती सवय मोडली नाही, तिच्यावर बिलं लावली. गोळीने भागणाऱ्या तापाला सलाईन, सलाईनमध्ये व्हिटॅमिन, वर एक वेदनाशामक सुई. आमच्या ओपीडीच्या दरपत्रकात "इंजेक्शन चार्ज" ही स्वतंत्र ओळ होती आणि महिन्याच्या बैठकीत तिचा आढावा घेतला जायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० साली विकसनशील देशांतली सुमारे ४० टक्के इंजेक्शनं पुन्हा वापरलेल्या साधनांनी दिली जात होती, आणि त्या एका वर्षात त्यातून हिपॅटायटिस सी चे सुमारे २० लाख नवे संसर्ग झाले. दहा वर्षांत हे चित्र पुष्कळ सुधारलं. २०१० साठीचा अंदाज सुमारे १.६ ते ३.२ लाखांवर आला. म्हणजे मनावर घेतलं की हे कमी होतं. लहान मुलांच्या लसीकरणात एकदा वापरली की आपोआप लॉक होणारी सिरिंज आता तिकडच्या खेड्यातल्या केंद्रातही असते. पण बहुसंख्य इंजेक्शनं लसीची नसतात, उपचाराची असतात. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की २०२० पर्यंत उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही अशाच सिरिंजा वापरा. मी २०२० नंतरही तिथे होते. आमच्या भांडारात त्या कधी आल्या नाहीत.

रक्तपेढीबद्दल थोडक्यात. बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई, हिवतापाने पांढरं पडलेलं मूल, सिकल सेलचा रुग्ण, यांना रक्त थांबून देता येत नाही. नातेवाइकांना उभं करून रक्त घेतलं जातं. तपासायच्या पट्ट्या संपल्या की एचआयव्हीची पट्टी कशीही मिळवली जाते, सी च्या पट्टीवाचून मात्र पिशवी पुढे गेलेली मी पाहिली आहे. त्या रात्री ज्यांनी सही केली त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पट्ट्यांचा साठा संपू न देणं हे ज्यांचं काम होतं, त्यांच्यापुढे होता.

आता ज्या शब्दावर ही नोटीस उभी आहे त्या "पॉझिटिव्ह" या शब्दाकडे येते. आपल्याकडे जी झटपट पट्टी वापरतात ती विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. त्यात तीन घोळ आहेत. पहिला, पट्टी किंवा प्रयोगशाळेतली एलायझा ही प्रतिपिंडांची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि सहाराच्या दक्षिणेकडे हे बरंच घडतं. युगांडातल्या राकाईमध्ये एलायझात पॉझिटिव्ह आलेल्यांचे नमुने पक्क्या चाचणीने पुन्हा पाहिले, तेव्हा बहुतेकांना दुजोरा मिळाला नाही. दुसरा, संसर्ग झालेल्या दर दहांपैकी साधारण तीन जणांच्या शरीरातून विषाणू औषधाशिवाय आपोआप निघून जातो, प्रतिपिंडं मात्र राहतात. तिसरा मला सर्वांत जास्त छळतो: औषध घेऊन पूर्ण बरा झालेला माणूसही पट्टीवर वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर, पॉझिटिव्हच दिसतो. आपली नोटीस या तिघांनाही बाहेर काढते. ज्याच्यापासून कुणालाही धोका नाही त्यालाही. उलट नुकताच संसर्ग झालेला माणूस, ज्याची प्रतिपिंडं अजून तयार व्हायची आहेत, तो पट्टीवर निगेटिव्ह दिसून आतच राहील. पॉझिटिव्ह माणसाला हाकललं की विभाग सुरक्षित झाला असं समजून हातमोजे आणखी कमी केले जातील, ही माझी खरी भीती आहे.

विषाणू आहे की नाही हे आरएनए चाचणीने कळतं. ती महाग आहे, मोठ्या शहरात नमुने पाठवावे लागतात, हे मला ठाऊक आहे. पण क्षयरोगाच्या तपासणीसाठी आपल्याच आवारात जीनएक्स्पर्ट मशीन आहे. त्याच मशीनमध्ये हिपॅटायटिस सी चं वेगळं कार्ट्रिज चालतं आणि साधारण दोन तासांत उत्तर मिळतं. मी हे लेखी कळवलं होतं. उत्तर आलं, की मशीन क्षयरोग कार्यक्रमाचं आहे. कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना विचारून पाहिलं का, असं मी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांचं काय, हे नोटिशीत नाहीच. मला स्वतःला एकदा रुग्णाच्या फिस्टुलातून काढलेली सुई बोटात गेली. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध मिळालं, ती सोय तिकडे चांगली आहे. सी साठी असं प्रतिबंधक औषध नसतं, त्यामुळे ठरावीक काळाने पुन्हा तपासून बघणं एवढाच मार्ग. सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी मी माझ्या पैशाने तपासून घेतलं, निगेटिव्ह आलं. पण कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या आमच्या दादाला पिशवीतून बाहेर आलेली सुई पायात गेली, तेव्हा त्याचं नाव रजिस्टरलासुद्धा लागलं नाही. सुयांचा डबा भरून वाहत होता, म्हणून त्या पिशवीत पोचल्या होत्या. दादा कंत्राटी होता. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि इन्चार्ज म्हणून ते माहीत करून घेणं माझं काम होतं.

आणि खर्च. प्रत्येक बैठक याच शब्दाशी येऊन थांबते, म्हणून आकडे लिहिते. हिपॅटायटिस सी वरचं सोफोसबुविर हे औषध २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा तिथे पूर्ण कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ९१ देशांसाठी ते बनवायचा परवाना दिला, त्यात आपल्या मुंबईची सिप्लाही होती. किंमत पडत पडत २०२३ मध्ये सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर या दोन गोळ्यांचा बारा आठवड्यांचा कोर्स कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ६० डॉलरला देण्याचा करार जाहीर झाला. रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्या, तीन महिने, आणि शंभरातले ९५ हून अधिक जण बरे. डायलिसिसवरच्या रुग्णांनाही सोफोसबुविरचे कोर्स देता येतात, हे आता मान्य झालेलं आहे. मामांच्या डायलिसिसच्या एका आठवड्याच्या बिलाशी ६० डॉलर ताडून पाहा. बिल आपल्याकडेच आहे.

सगळं इतकं सरळही नाही, तेही लिहायला हवं. मध्य आणि पूर्व आफ्रिकेत या विषाणूचे काही वेगळे उपप्रकार आहेत. रुवांडातल्या किगालीत ३०० जणांवर लेडिपासविर-सोफोसबुविरचा अभ्यास झाला. त्यात एकंदरीत ८७ टक्के जण बरे झाले, पण ४आर या उपप्रकारात जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक. अशांना दुसरं औषध द्यावं लागतं. म्हणून गोळ्या वाटून मोकळं होता येत नाही, कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासावंच लागतं.

हे गरीब देशांना जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. ज्या ईजिप्तमध्ये सुईने हा आजार पेरला, त्याच ईजिप्तने ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसं तपासली आणि सापडलेल्यांना सरकारी खर्चाने औषध दिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सी च्या उच्चाटनाच्या वाटेवरचा सुवर्ण दर्जा जगात पहिल्यांदा ईजिप्तला दिला. रुवांडानेही २०१८ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय उच्चाटन योजना जाहीर करून कामाला सुरुवात केली. त्या सरकारांनी आपल्या रुग्णांना बोलावून घेतलं. आपण दारावर नोटीस लावली.

माझ्या मागण्या या आहेत.

एक तारखेच्या आत ती नोटीस मागे घ्यावी. कुणाही रुग्णाचं डायलिसिस हिपॅटायटिस सी मुळे थांबवू नये, एकही पाळी चुकू देऊ नये. बाकी सगळ्या मागण्यांना वेळ लागला तरी चालेल, हिला नाही.

त्या विभागातल्या प्रत्येक पट्टी-पॉझिटिव्ह रुग्णाची आरएनए चाचणी रुग्णालयाच्या खर्चाने करावी. विषाणू सापडलेल्यांना औषधही रुग्णालयाच्या खर्चाने द्यावं, कारण दाखल होताना ते निगेटिव्ह होते याची नोंद रुग्णालयाच्याच रजिस्टरमध्ये आहे.

दाखल होताना आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी पुन्हा सुरू करावी. निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह झाला की त्या पाळीची चौकशी व्हावी, आणि ती चौकशी सिस्टरला दोषी ठरवण्यासाठी नसावी. नाहीतर कुणी खरं सांगणार नाही.

हेपरिनची व्हायल ट्रॉलीवर फिरणं आजपासून बंद व्हावं. औषध वेगळ्या जागी भरावं, एका रुग्णाला एक सिरिंज. हातमोज्यांची मोजदाद बंद करावी आणि पाळीत एका सिस्टरमागे चारपेक्षा जास्त रुग्ण नसावेत.

ओपीडीच्या दरपत्रकातली "इंजेक्शन चार्ज" ही ओळ काढून टाकावी, आणि उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही लॉक होणाऱ्या सिरिंजा खरेदी कराव्यात. रक्तपेढीत सी च्या पट्ट्यांचा किमान दोन महिन्यांचा साठा सतत असावा.

सुई टोचलेल्या प्रत्येकाची नोंद आणि पुढच्या तपासण्या व्हाव्यात, मग तो डॉक्टर असो नाहीतर कंत्राटावरचा दादा.

आणि पॉझिटिव्ह झालेल्या पाच जणांना, त्यांतले जे हयात आहेत त्यांना, रुग्णालयाने समोर बसवून, त्यांच्या भाषेत, हे कसं झालं ते सांगावं. मी येऊन सांगायला तयार आहे. तिकीट माझं मी काढेन.

तिकडे काम करणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. तुमच्या विभागात दाखल होताना निगेटिव्ह असलेलं कुणी पॉझिटिव्ह झालं आहे का, ते जुनी रजिस्टरं काढून पाहा. आणि देणगीदारांनो, पुढच्या शिबिराच्या पावतीआधी एवढंच विचारा, की तिथे किती सिरिंजा लागल्या आणि किती खरेदी झाल्या.

विश्वस्त मंडळी, याचं उत्तर मला मेलवर नको. जिथे ती नोटीस लावली आहे, त्याच दारावर, इंग्रजीत आणि स्वाहिलीत लावा. मामा सोमवारी सकाळी सातला येतात.

आपली,
निवृत्त इन्चार्ज सिस्टर, डायलिसिस विभाग
मुक्काम नाशिक